लेप्टिनची दवंडी

शिरड शहापूरजवळच्या आपल्याच घरातून
ता. १९ नोव्हेंबर २००५

प्रिय अंजली,

'प्रिय' हा शब्द तुझ्या आईचा. मी 'अगं ए भवाने' असं सांगितलं होतं, पण ती म्हणाली, पत्र असं सुरू करत नसतात. लिहिणारी ती, सांगणारी मी, तेव्हा तिचं एवढं तरी ऐकावं लागतं. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते. मी 'काहून' विचारते, ती 'का' लिहून मोकळी होते. माझ्या बोलण्याला इस्त्री करून ती तुला पाठवून राहिली आहे असं समज. बदल्यात मी तिच्याकडून एक कबूल करून घेतलंय, नागनाथाची आण घालून. मी सांगेन त्यातला एक शब्द गाळायचा नाही आणि माझं सांगून होईपर्यंत उठायचं नाही. ती हो म्हणाली. मी काय सांगणार ते तिला अजून माहीत नाही, म्हणून हो म्हणाली.

फोन का केला नाही असं तू विचारशील. दुकानातल्या त्या लाल डब्यावर मला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि आपल्या घरचं अर्ध्या गावानं तेल-मीठ घेता घेता ऐकावं असं मला वाटत नाही. शिवाय फोनवर तू 'बाबांना द्या' म्हणतेस आणि तुझी आई दाराशी उभी राहून चपलेनं माती उकरते. ते बघायचा मला कंटाळा आलाय.

तुझं पत्र मंगळवारी आलं. चांगले चार कागद. पाकिटावर नाव माझं, म्हणजे वाचणार कोण हे तुला ठाऊक होतं, सोंगाडे. तुझ्या आईनं अंगणात बसून सगळं वाचून दाखवलं. ती चांगलं वाचते, सातवीपर्यंत शिकलेली आहे. फक्त 'पाळी' हा शब्द आला की आवाज खाली घेई. अंगणात होते कोण, मी आणि पाच मेंढ्या. मी म्हणलं, मोठ्यानं वाच माय, मेंढ्यांना त्याचं काय नवल. तिसऱ्या कागदावर तू लिहिलंस की औषधानं आणि रोजच्या चालण्यानं दोन महिने बराबर पाळी आली, आणि डॉक्टर बाई म्हणाल्या की यात तुझा गुन्हा काही नव्हता. तिथं ती थांबली. मला वाटलं अक्षर लागत नसेल. डोळे पुसून तिनं पुन्हा तीच ओळ वाचली. त्या दिवशी मी दोन भाकरी जेवले. उरावरचा धोंडा खाली ठेवल्यासारखं हलकं वाटलं मला. म्हणजे अर्धा धोंडा. उरलेल्या अर्ध्याचं पुढं सांगते.

आता तू लिहिलेलं मला कितपत समजलं ते बघ, चुकलं तर कान धर. अंडाशयात बारीक बारीक फोड, ज्वारीच्या दाण्याएवढे. अंडं पिकायला लागतं आणि अर्ध्यातच थांबतं, म्हणून महिना चुकतो. रक्तात पुरुषी हार्मोन जरा वर, म्हणून हनुवटीवर ते केस, जे बघून बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. साखर पचवणारं ते इन्सुलिन, तेही चढलेलं. इथवर मला कळलं. माझीही साखर आहे, इन्सुलिन हे नाव मला औंढ्याच्या डॉक्टरनं दहादा ऐकवलंय. पण ते लेप्टिन मला तीनदा वाचून घ्यावं लागलं. अंगातली चरबी ते सोडते आणि रक्तातून मेंदूला निरोप जातो की कोठीत माल भरपूर आहे, आता भूक आवर. तू लिहिलंस की तुझ्या रक्तात ते कमी नव्हतंच, उलट भरपूर होतं. मग मेंदूनं ऐकलं का नाही?

मी आपली दवंडीवाल्यावर आले. आपल्या गावात भिकाबाईचा सासरा दवंडी द्यायचा, तुझ्या बापाच्या लहानपणी. महिन्यातून एकदा त्याचा डफ वाजला की माणसं हातातलं काम टाकून दाराशी यायची. एका उन्हाळ्यात सरपंचानं त्याला रोज दोन वेळा फिरवला, आज हे, उद्या ते. आठ दिवसांत कुणी मान वर करून बघेना. तो बिचारा घसा फोडून ओरडतोय आणि बाया आपल्या पापड लाटताहेत. तुझ्या अंगात तसंच झालेलं दिसतं. चरबी जास्त म्हणून दवंडी जास्त, त्यात ते चढलेलं इन्सुलिन दवंडीवाल्याला मागून ढोसतं, अजून वाजव, अजून वाजव. आणि मेंदू पापड लाटत बसला. मग भूक थांबायची कशी? तुझ्या आईनं आत्ता मला विचारलं, हे बराबर आहे का. मी म्हणलं, मला काय माहीत, अंजीला विचारू.

मला तुझी डॉक्टर बाई आवडली ते मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिनं हा आजार असलेल्या आणि नसलेल्या बायांचं रक्त घेतलं, वजनानं जोडीला जोड लावून, जशी आपण बैलांची जोडी लावतो. आणि तू लिहिलंस की वजन सारखं असलं तर लेप्टिनही जवळपास सारखंच निघालं. चरबी जेवढी, दवंडी तेवढी. ज्यांचं इन्सुलिन चढलेलं, त्यांच्यात जरा जास्त दिसलं. आणि पुरुषी हार्मोन त्याला वर नेतं की खाली ओढतं, असं तू विचारलंस तर बाई म्हणाल्या, कुणी असं म्हणतं, कुणी तसं, मला अजून नक्की माहीत नाही. पोरी, मी सत्तरी ओलांडली. भगत पाहिले, वैदू पाहिले, सुईणी पाहिल्या, तुझा आजा दगडोबा पाहिला. 'मला माहीत नाही' असं म्हणणारं माणूस मला या वयात भेटलं, तेही कागदावर. तिला माझा नमस्कार सांग.

तुझ्या बाईला वाटेल म्हातारी आगाऊ आहे, पण हातानं आम्ही हेच करत आलो. मेंढा सोडायच्या आधी एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवायचा. मणके करवतीसारखे लागले तर ती माजावर येत नाही; तिच्या अंगाला ठाऊक असतं की पिलाला पाजायला काही शिल्लक नाही. मणके मुळीच लागेनात, नुसता लोण्याचा गोळा, तर तीही फळत नाही. हाताला लागतील पण टोचणार नाहीत असे मणके असावेत. दगडोबाच्या कळपात एक होती, सगळ्यांसोबत त्याच माळावर चरायची, तेच गवत, तेच पाणी, आणि हीच एकटी फुगायची. तीन वर्षं गाभण राहिली नाही. दगडोबा म्हणायचा, एका कुरणातल्या सगळ्या, मग हिलाच काहून असं? त्याला उत्तर सापडलं नाही, मलाही नाही. पण ती लपून जास्त खाते असं आमच्या दोघांच्याही मनात कधी आलं नाही. आयुष्यात मी जाड मेंढीला चोर म्हणलं नाही, अंजे. लेकराला म्हणू दिलं.

तुझ्या आईचा पेन इथं थांबलाय. थांबू दे. आण घातलेली आहे.

गेल्याच्या आधीची ती संक्रांत तुझ्याइतकीच माझ्याही ध्यानात आहे. तू नांदेडहून सुटीत आली होतीस, रक्त तपासायच्या त्या कोर्सचं पहिलंच वर्ष. तुझी बहीण प्रियंका बाळंत होऊन घरात, तिचा रुद्र नऊ दिवसांचा. सहा महिने तुझी पाळी नव्हती, अंग चढत चाललं होतं. तुझ्या आईनं तुला सोमवार धरायला लावले होते, भात बंद केला होता, आणि तू अर्ध्या भाकरीवर दिवस काढत होतीस. मी ताटाशी बसायचे, मी बघत होते. अर्ध्या भाकरीवर कुणी जाड होत नाही असं आई म्हणायची, म्हणजे तू बाकीचं चोरून खात असणार. हिशेब सरळ होता तिचा. तिच्या जागी मी असते तर मीही तोच मांडला असता, हे लिही गं रुख्मीण, तुझ्या बाजूनं बोलून राहिले मी.

तिनं प्रियंकासाठी डिंकाचे लाडू केले होते. डिंक, मेथी, खारीक, खोबरं, घरचं तूप, दोन दिवस राबून. दहाव्या दिवसापासून द्यायचे म्हणून चाळीस लाडू मोठ्या डब्यात भरून माळ्यावर ठेवले. आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी डबा काढला तर सोळा कमी. बाळंतीण बघायला बाया आलेल्या, घर भरलेलं, आणि सगळ्यांसमोर तिनं तुला विचारलं. तू म्हणालीस, मी खाल्ले नाहीत. एकदाच म्हणालीस, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यावर ती जे बोलली ते मी इथं पुन्हा सांगत नाही. बाळंतिणीच्या तोंडचा घास, आणि तुझी कूस, आणि देव. तिलाही ते लिहायला लावणार नाही, एवढी सासू मी नाही. पुरावा काय होता? ना तुझ्या उशाला चुरा सापडला, ना हाताला तूप. तुझं अंग, एवढाच पुरावा. बायांनी तुझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि निकाल लागला. सकाळच्या गाडीनं तू गेलीस. उंबऱ्यावर तुझ्या बापाला, तात्याला, म्हणालीस, या घरातला घास आता मला नको.

तेव्हापासून तुझा बाप महिन्याला नांदेडला येतो. तुझी आई डबा भरते, कधी चिवडा, कधी करंज्या, आणि तो जसाच्या तसा परत येतो, दोरीची गाठही न सोडलेली. ती तो डबा रिकामा करते आणि पुढच्या महिन्यासाठी घासून ठेवते. तू हट्टी आहेस हे मला ठाऊक होतं, माझीच नात. पण तीही मोडून गेली आहे हे तुला ठाऊक नाही, कारण ते तुला कुणी सांगितलं नाही आणि ती सांगणार नाही.

बाकी खबर सांगते, जरा दम घेऊ दे तिला. रुद्र आता धावतो आणि मला 'ए आजे' म्हणून हाक मारतो. प्रियंकानं त्याचं जावळ अडवून ठेवलंय. म्हणते, मावशी आल्याशिवाय औंढ्याच्या नागनाथाला जायचं नाही आणि वस्तरा लागू द्यायचा नाही. पोराचे केस डोळ्यांवर येतात, लोक विचारतात पोरगी आहे का. यंदा सोयाबीन बरं झालं, तूर फुलात आहे. बांडी पुन्हा व्याली, सहाव्यांदा, पाट झाली, म्हणजे पोरगीच. बांडी आठवते ना, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची मेंढी, माझ्यामागं विहिरीपर्यंत येणारी? तिच्याच गोष्टीवर यायचंय मला.

त्याच संक्रांतीच्या आधी बांडी व्याली होती, जुळं झालं आणि ती बसली. उठेना, दूध नाही, दोन पिलं ओरडताहेत. तात्या म्हणाला, आठ दिवस बघू, उठली तर ठेवू, नाही तर फुलसिंग व्यापारी बाजाराला येतोय, त्याला देऊन टाकू. म्हणजे कशासाठी हे सगळ्यांना कळतं. आठव्या दिवशी बांडी उठली, आचळं भरली, पिलं पिऊ लागली. गावभर झालं की जिवनबाईचा हातगुण आहे. तीन गावांहून माणसं आपल्या आजारी मेंढ्या घेऊन माझ्याकडं आली. मी पाठीवरून हात फिरवायचे, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे, आणि माणसं माझ्या पाया पडायची. मला ते आवडलं, अंजे. या वयात कुणी तारीफ करत नाही.

हातगुण कसला आलाय. ते डिंकाचे लाडू होते. पहाटे सगळे उठायच्या आधी स्टुलावर चढून डबा काढायचे, या गुडघ्यांनी. एक लाडू गुळाच्या पाण्यात कुस्करून बांडीला. बाळंतीण ती बाळंतीण, घरात निजलेली काय आणि गोठ्यात निजलेली काय, असं मला वाटलं, अजूनही वाटतं. प्रियंकाला चाळीस लाडू सरणार नव्हते, एवढं तर मला कळत होतं. आता पुढचं. बांडी एकटी खाईना. तिच्यासमोर बसून मी तोंड हलवलं की ती हलवी. म्हणून एक तिला आणि एक मला. आठ दिवस, सोळा लाडू. त्या महिन्यात औंढ्याचा डॉक्टर माझा कागद बघून चक्रावला होता, गोळ्या चालू असून साखर एवढी का चढली म्हणून. मी म्हणलं, म्हातारपण, साहेब.

मेंढीला बाळंतिणीचे लाडू घातले म्हणून तुझी आई चिडली असती, दोन दिवस आदळआपट झाली असती, संपलं असतं. पण तिनं तुला विचारलं तेव्हा मी तिथंच बसले होते. रुद्रला मांडीवर घेऊन तेल लावत होते. माझे हात तेलात होते, तोंड तर मोकळं होतं. मी म्हणलं, बाया गेल्यावर सांगू. बाया गेल्या तेव्हा तू रडून झोपली होतीस. म्हणलं, सकाळी सांगू. सकाळी तू गाडीत होतीस. मग फुलसिंगच स्वतःची मेंढी घेऊन आला माझा हातगुण बघायला, आणि मग रोज सांगायची गोष्ट एक दिवस जुनी होत गेली. पुढं पुढं मी मनाला अशी समजूत घातली की लाडू तू खाल्ले नसशील, पण दुसरं काहीतरी खातच असशील. एवढं अंग उगीच कसं चढेल? मला सगळं ठाऊक असून मीही तुझ्या अंगावरच निकाल दिला, पोरी. ते मंगळवारचं पत्र ऐकलं तेव्हा माझी ती शेवटची पळवाटही तुझ्या डॉक्टर बाईनं बुजवून टाकली. तुझ्या अंगातली दवंडी खरी होती, मेंदूनं ऐकली नाही. तुझ्या तोंडची दवंडीही खरी होती, ती ऐकून मी गप्प बसले.

तुझी आई उठून बाहेर गेली होती, आण मोडून. पत्र इथं बराच वेळ थांबलं होतं, ते तुला कागदावरून कळणार नाही म्हणून सांगते. गोठ्यातून तिचा आवाज येत होता. बांडीला काहीतरी बोलत होती, शिव्या असाव्यात. मग हातपाय धुऊन आली, पदरानं हात पुसले, पेन उचलला आणि म्हणाली, सांगा पुढं. माझ्याकडं बघत नाही. पण पेन उचललाय.

पुढं एवढंच, आणि याच्यासाठीच हे पत्र. तिला हे तोंडानं सांगितलं असतं तर ती तुला लिहू शकली नसती, तुमच्यात कुणी आधी बोलायचं यात अजून दोन संक्रांती गेल्या असत्या. तुला एकटीला कळवलं असतं तर तू तिला कधीच सांगितलं नसतंस, मला ठाऊक आहे, तू माझी लाज राखली असतीस. म्हणून तिच्याच हातानं लिहून घेतलं. तुझ्या हाती कागद पडेल तेव्हा तुला दिसेल की 'अंजलीनं लाडू खाल्ले नव्हते' हे तुझ्या आईनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. लिही रुख्मीण, पुन्हा एकदा, मोठ्या अक्षरात. अंजलीनं लाडू खाल्ले नव्हते. माझं काम झालं. मी आता तव्याच्या काजळीचा अंगठा उठवते आणि उठते. खाली चार बोटं जागा कोरी राहिली आहे, ती तुझ्या आईची. तिथं ती काय लिहील ते मला वाचता येणार नाही, आणि मी कुणाकडून वाचूनही घेणार नाही. छातीवरचं ओझं उतरलं की माणसाला आधी भूक लागते बघ. मी चुलीकडं चालले.

तुझीच,
सोळापैकी आठांची चोर, जिवनबाई
(अंगठा)

अंजू, मेंढीनं आठ खाल्ले हे मला खरं वाटत नाही. बाकी सगळं खरं आहे. त्या दिवशी मी लाडू मोजले, तुझ्या तोंडाकडं बघितलं नाही. पुढच्या शनिवारी पहिल्या गाडीनं मी नांदेडला येते. डबा आणत नाही. तू जे जेवत असशील तेच तुझ्यासोबत एका ताटात जेवेन.
— आई